व्हर्नाबाईंची लाल नखं

मित्रांनो, मी रक्तातला प्राणवायू मोजणारा एक जुना ऑक्सिमीटर आहे. मिनेसोटातल्या एका लहान गावच्या दवाखान्यात बोटांना चिमटे काढण्यात माझी अकरा वर्षं गेली. नवा होतो तेव्हा डॉक्टर व्हिटलॉक मला खिशात घालून फिरत. आता माझी स्प्रिंग सैल झालीय. तरी काम चोख करतो, फक्त नख उघडं हवं. पण ऐकतो कोण!

व्हर्नाबाई हाल्व्हर्सन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. डॉक्टरकडे यायचं तर केस बसवून, नखं लालभडक रंगवून. इथल्या बायकांची रीतच ती. बाईंच्या फुप्फुसाभोवती तिसऱ्यांदा पाणी साठलं होतं. सुईनं काढून तपासलं. क्षय नाही, कर्करोगाच्या पेशी नाहीत, हृदयही ठणठणीत. मग पाणी येतं कुठून? शेवटी सोमवारी छातीत भोक पाडून फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा तपासायला काढायचं ठरलं. बाई धास्तीनं अर्ध्या झाल्या.

आणि नर्स डार्लीन दर वेळी काय करायची? "काय सुंदर रंग हो, मावशी!" म्हणून मला कानाच्या पाळीला लावायची. मन दुखवायचं नाही ना कुणाचं! अरे, मन सांभाळताय की माणूस?

त्या शुक्रवारी मी कानावरून चारदा घसरलो. बोटाला लावलं तर रंगाआडून आकडा ब्याऐंशी, हवा पंच्याण्णवच्या वर. डार्लीन वैतागली. "पुरे झाली याची नाटकं! मावशी, रंग पुसू या."

बाईंनी हात कोटात लपवले. "नको गं. खाली फार घाणेरडी आहेत."

"मी काय गावभर दवंडी पिटणारेय?"

रंग उतरला. नखं पिवळी, जाड, वाढ खुंटलेली. डार्लीननं हाक मारताच डॉक्टर धावत आले, बाईंना मोजे काढायला लावले. पाय सुजलेले.

"किती वर्षं झाली?"

"सहा."

"आणि बोलला नाहीत?"

"नखांसाठी कुणी डॉक्टरचा वेळ खातं का?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, नखं, पाय, छातीतलं पाणी, सगळं एकच दुखणं! अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या मंदावल्यात. आता औषधपाणी करू. सोमवारचं ऑपरेशन रद्द!" बाई ढसाढसा रडल्या.

तेव्हा मित्रांनो, नटा हवं तेवढं, पण डॉक्टरपासून काही लपवू नका. आणि कुणीतरी माझी स्प्रिंग बदला हो!

परवा व्हर्नाबाई आल्या. नखं पुन्हा लालभडक! माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात त्यांनी डावा हात पुढे केला. त्यातलं एक नख उघडं होतं, तसंच पिवळं.

"हे तुझं," त्या मला म्हणाल्या.