नाईनच्या विधवेची कहाणी

सोरोस : तिरडी. त्याआधीचा अर्थ, मेलेल्याची हाडं ठेवायचं भांडं.

*

कुडपणच्या सड्यावर, गावामागच्या उघड्या माळावर, फोन लागतो तो एकाच खडकावरून. पोरं त्या खडकाला टॉवर म्हणतात.

*

“चिंच नको गो बाय. माझा शुक्रवार हाय.”

*

भरतच्या डोक्याला उजव्या अंगाला खळगा आहे. तिथे केस उगवत नाहीत. न्हावी तेवढी जागा चुकवून कात्री फिरवतो.

*

खेरा : विधवा. मुळात, रिती झालेली. मागे उरलेली.

*

शर्मिलाच्या आजोबांनी घरातले सगळे देव एका दुपारी सावित्री नदीच्या पाण्यात सोडले. तेव्हापासून त्या घरात सोमवार हा नुसता सोमवार असतो आणि शुक्रवार हा नुसता शुक्रवार.

*

हे तुकडे एकमेकांना लागले ते श्रावणाच्या शेवटी, आणि लागले तेव्हा फार उशीर झाला होता.

शर्मिला महाडच्या एका कॉलेजात मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. घर चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत. शब्द कुठून निघाला आणि फिरत फिरत कुठे येऊन टेकला, हे हुडकत बसायची तिला लहानपणापासूनची खोड. म्हणून पुण्याच्या सरिता मॅडमनी काम सांगितलं तेव्हा तिने आढेवेढे घेतले नाहीत. मॅडमची संस्था बायबलातले काही उतारे डोंगरवाड्यांच्या बोलीत आणत होती. छापण्यासाठी नाही, फोनवर ऐकवण्यासाठी. मॅडमना जुनी ग्रीक भाषा येत होती, पोलादपूरकडची बोली येत नव्हती. शर्मिलाचं उलटं होतं. ख्रिस्ती असण्याची अट नव्हती.

“तुम्ही बाहेरच्या आहात तेच बरं,” मॅडम म्हणाल्या होत्या. “तुम्ही पदरचं काही घालणार नाही.”

कामाची रीत ठरलेली. ती गोष्ट जन्मात न ऐकलेलं माणूस शोधायचं. त्याला ती वाचून दाखवायची. वाचताना त्याने मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, हुंकारसुद्धा द्यायचा नाही, कारण रेकॉर्डिंग चालू असतं. मग त्याने ती आपल्या तोंडाने परत सांगायची. तो जिथे अडखळेल तिथे भाषांतर लंगडं समजायचं, घरी जाऊन दुरुस्त करायचं, आणि पुन्हा येऊन वाचायचं. शर्मिलाला शुक्रवारी तास नसे. म्हणून शुक्रवार.

माणूस मिळालं पोलादपूरच्या डोंगरातल्या कुडपणात. तुळसा. साठी उलटलेली, बोलायला फटकळ, कपाळ कधीचं मोकळं. एकुलता एक मुलगा भरत मुंबईत इमारतींना रंग द्यायचा. तो परांचीवरून पडला. आता ओटीवरच्या खाटेवर असतो. डोळे उघडे. भरवलं तर गिळतो. बोलत नाही, कुणाला ओळखत नाही, अंग हलवत नाही. सून वैशाली मुंबईतच कामाला राहिली आहे, कारण कुणीतरी कमवायला हवं. घरी तुळसा आणि शेजारी तिचा चुलतदीर येसाजी, जो दिवसभर पायरीवर बसून सगळ्यांच्या कामात बोटं घालतो.

“धर्म बाटवाया आलीस काय गो?” पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं.

“मी बौद्ध आहे, काका.”

“आयला! म्हंजे बाटवणारी येक, बाटणार दुसऱ्यात, नि आमी तिसरंच.” आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

उतारा आखूड होता. नाईन नावाचं गाव. वेशीतून प्रेत निघालेलं. एका विधवेचा एकुलता एक मुलगा. समोरून येशू येतो, त्या बाईला बघतो. रडू नको म्हणतो. तिरडीला हात लावतो. मेलेला उठून बसतो, बोलू लागतो. येशू त्याला त्याच्या आईच्या हवाली करतो.

शर्मिलाने तो निवडला नव्हता. पाठवलेल्या उताऱ्यांत पुढचा तोच होता. ओटीवर भरत पडलेला असताना हा उतारा तुळसासमोर वाचायला बसताना तिच्या मनात एकदा चर्र झालं. पण येसाजी ऐकायला सरसावून बसला होता, रेकॉर्डर चालू होता, आणि ती वाचत गेली.

*

स्प्लांख्ना : आतडी, काळीज, पोटातलं सगळं. यज्ञातल्या पशूचे हे भाग आधी भाजून वेदीजवळची माणसं खात. पुढे, माणसाच्या आत जिथे कळवळा उठतो ती जागा. येशूने त्या बाईला पाहिलं तेव्हा त्याला जे झालं त्याचं क्रियापद ह्याच शब्दापासून.

*

हे मॅडमच्या ग्रीक शब्दांच्या कागदावर वाचलं तेव्हा शर्मिला स्वयंपाकघरात एकटीच हसली होती. तिने ‘दया आली’ खोडून ‘आतडं तुटलं’ लिहिलं. कुठला तो ग्रीकांचा समुद्र, कुठली सावित्री, आणि दोन्हीकडच्या माणसांना दुःख पोटातच होतं! पुढच्या शुक्रवारी तिने ते कौतुकाने सांगितलं, यज्ञाच्या पशूसकट.

“म्हंजे आमच्यासारखीच ती लोकं,” येसाजी म्हणाला. “गावदेवीचा बकरा पडला की काळीज मानकऱ्याच्या ताटात. मटणाला इचारतो कोण.”

तुळसा हसली नाही. “तुटलं ना त्येचं आतडं?” तिने विचारलं. “बास. आता बरोबर हाय.”

तिने गोष्ट परत सांगितली ती एकदाही न अडखळता. वेस, तिरडी, खांदेकरी थबकलेले. फक्त शेवटी तुळसा म्हणाली, “आन् उठून बसला नि बोल्ला, आये, भूक लागली.”

“मावशी, ते तसं नाहीये. नुसतं बोलू लागला.”

“काय बोल्ला?”

“ते लिहिलेलं नाही.”

“आसं कसं? लिवणारा बापयमाणूसच आसल. आई इचारल्याबिगर ऱ्हायली आसल काय?”

शर्मिलाने मॅडमना विचारलं. मॅडमनीही तेच सांगितलं, मुलगा काय बोलला हे गोष्ट लिहिणाऱ्या लूकने नोंदवलेलं नाही. मग तिसऱ्या फेरीला तुळसाने ती भूक गोष्टीतून काढली. मुकाट्याने, ताटातला खडा बाजूला सारावा तशी.

पाहुणीला दिसायला हव्या होत्या त्या गोष्टी शर्मिलाला दिसत होत्या, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. ओटी ताजी सारवलेली असायची. भरत न्हालेला, अंगात धुवट सदरा. तुळसा चहाला शिवायची नाही, चिंच पुढे केली तरी नको म्हणायची. ऐकताना उजवी मूठ मिटलेली, मांडीवर. शर्मिलाला वाटलं, म्हातारीला संधिवात असेल.

शेवटच्या शुक्रवारी ती पायऱ्या चढली तर दाराला आंब्याच्या पानांचा टाळा. आत भिंतीवर छापील कागद, त्यावर पाळणा, बाळं, वाघावर बसलेला कुणी देव. आजूबाजूच्या दोघी-तिघी जणी येऊन टेकलेल्या. भरतची खाट आत आणून त्या कागदासमोर ठेवलेली. शर्मिलासाठी पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी.

ती उंबऱ्यातच थांबली आणि येसाजीला बाजूला घेऊन विचारलं, हे काय?

“जिवती. तुला नाय ठावं?”

“आमच्यात नाही करत.”

“श्रावणातल्या शुक्रवारी आया करतात, पोरांसाठी. उपास करायचा, हातात तांदूळ धरून कहाणी ऐकायची. कहाणी संपली की सांगणारीनं म्हणायचं, जशी तिला पावली तशी तुमाआमाला पावो. मंग तांदूळ पोरावर टाकायचं.” त्याने आत नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “जिवतीची कहाणी सवाष्णींची, बाय. हिला मागं बसवतात. तू आणलीस ती पयली कहाणी, जिच्यात रांडमुंडीचं देवानं आयकलंन. तीपण शुक्रवारीच आणलीस. मधी बोलू नको म्हणालीस, उठू नको म्हणालीस. हिनं काय समजायचं?”

“पण काका, मी तर कामासाठी…”

“व्हय, पण तुझं दर खेपंला शेवटचं बोलायचंच ऱ्हातं. ही आमच्या घरी येऊन म्हणते, पोर आजून शिकतेय, शेवट बरोबर आला की बोलंल.”

शर्मिला सड्यावर टॉवरपर्यंत जवळजवळ धावत गेली. साडीला चिखल, चपलेत पाणी. फोन लागला. तिने सगळं सांगितलं.

“त्यांना सांगा, ही कहाणी नाही,” सरिता मॅडम म्हणाल्या. “वृत्तान्त आहे. घडलेलं लिहिलंय.”

“तिला त्याने काय फरक पडेल, मॅडम? घडलंय म्हटल्यावर तर ती जास्तच…”

“तरी ते वाक्य म्हणू नका. ते आपल्या मजकुरात नाही. आणि खोटी आशा दाखवणं बरं नाही.”

“मग काय म्हणू?”

मॅडम म्हणाल्या, “मी प्रार्थना करीन,” आणि शर्मिलाला कळलं की त्यांच्याकडेही तेवढंच आहे.

*

अनेकाथिसेन : उठून बसला. नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो, दोन्ही वेळा मेलेल्या माणसाबद्दल. ग्रीक वैद्यांच्या लिखाणात तो अंथरुणात उठून बसणाऱ्या रोग्यासाठीही आहे.

*

तिने वाचलं. दुसरं काय करणार होती? न वाचता परत जाणंही एक बोलणंच झालं असतं. खोलीत कुणी हललं नाही. ‘आतडं तुटलं’ आलं तेव्हा एकीने पदर तोंडाला लावला. तो उठून बसला, बोलू लागला, आईच्या हवाली झाला. ही गोष्ट सगळ्या मुलखात पसरली. उतारा तिथे संपत होता. शर्मिलाने कागद खाली ठेवला.

“म्होरं?” तुळसा म्हणाली.

“संपली, मावशी.”

“कहाणी आशी संपत नाय.”

“ही कहाणी नाहीये. मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. मी फक्त बोली तपासायला येते. ह्यातून भरतदादाला…” पुढचं वाक्य खाटेकडे बघून बोलता येईना.

“पुरी कर.”

“मला ते म्हणता नाही येणार. मी हे मानत नाही. हेही नाही आणि तेही नाही. माझ्या तोंडी ते खोटं होईल.”

“तुला मान कोण म्हणतंय?” तुळसाचा आवाज चढला नव्हता. “मानायचं माझ्याकडं. तू नुसतं बोल.”

“मग तुम्हीच म्हणा ना.”

“आपली आपण म्हणून चालत असतं तर तुझी वाट बघितली असती काय? सांगणारीनंच म्हणायचं आसतं.”

“बोल की गो,” येसाजी दारातून म्हणाला. “तुझ्या बापाचं काय जातंय?” पण ह्या वेळी त्यात थट्टा नव्हती, जवळजवळ विनवणी होती.

शर्मिलाने तोंड उघडलं. शब्द कसे जुळवायचे तेही तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, “जसा… तिचा मुलगा उठून बसला,” आणि थांबली. एक बाई हळूच पुढचं पुटपुटली. तिच्यामागून शर्मिला म्हणाली, “तसा तुम्हाआम्हा…” आणि पुन्हा थांबली. “तसा भरत बसो,” तिने घाईघाईने संपवलं. हे रीतीतलं नव्हतं. कुणी टोकलं नाही.

तुळसाची मूठ उघडली. तांदूळ घामाने हाताला चिकटले होते, ते तिने दुसऱ्या हाताने सोडवून भरतवर टाकले. काही दाणे उशीवर, काही छातीवर. एक त्याच्या पापणीत अडकला. डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. तुळसा वाकली, तिने बोटाच्या टोकाने तो दाणा काढला, आणि डोळा पूर्वीसारखाच उघडा राहिला, छपराकडे.

कुणीतरी अंगणात खाकरलं. बायका एकेक करून उठल्या.

“जेवून जा,” तुळसा शर्मिलाला म्हणाली. “माझा उपास सुटला.” तिने नाचणीची भाकरी आणि वालाची उसळ वाढली. समोर बसून शर्मिलाचं ताट रितं होऊ दिलं नाही. शर्मिला निघताना तिने विचारलं, “पुढल्या शुक्रवारी यायची ना?”

काम संपलं होतं. शर्मिलाने मान हलवली, ती हो की नाही हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

रेकॉर्डर बंद करायचा राहून गेला होता. तिने फाइल तशीच पाठवली. दोन दिवसांनी मॅडमचा निरोप आला, भाषांतर उत्तम झालंय, शेवटचं एक वाक्य तेवढं कापा. शर्मिलाने इअरफोन लावून ते शोधलं. आपलाच आवाज, अडखळणारा, कुठल्याशा बाईच्या पुटपुटण्यामागून चाललेला. त्याच्यानंतर सुती अंथरुणावर तांदूळ पडल्याचा आवाज, जो इतका बारीक होता की तिने आवाज पूर्ण वाढवून तो तीनतीनदा ऐकला. मग तिने ते वाक्य कापलं. तांदळाचा आवाज त्याच्याबरोबर गेला.

उतारा आता फोनवर ऐकायला मिळतो. तो ‘ही गोष्ट सगळ्या मुलखात पसरली’ इथे संपतो.

मुंबईच्या हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरांनी तुळसाला समोर बसवून स्वच्छ मराठीत सांगितलं होतं की भरत आता कधीच उठून बसणार नाही, आणि तिने ते त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावून नीट ऐकून घेतलं होतं.