कंपाउंडरचं आयोडीन आणि नलूचं बोट

घाटंजीजवळच्या एका गावात मॅट्रिक झालेली पहिली मुलगी म्हणजे नलू. १९६४च्या उन्हाळ्यात देवराव तिला पाहायला आला. तो एका दवाखान्यात कंपाउंडर होता. कामावरून थेट आल्यामुळे औषधांची पेटी सोबतच होती, आणि ती त्यानं मांडीवर अशी धरली होती की बघणाऱ्याला डॉक्टरच वाटावा.

आत नलू पोह्यांसाठी आलू चिरत होती. बाहेरचं बोलणं ऐकण्याच्या नादात विळीवर बोट कापलं. "अवं माय!" ऐकताच देवराव पेटी घेऊन आत धावला.

"घाबरू नका, टिंक्चर आयोडीन लावतो," म्हणत त्यानं बाटली सढळ हातानं ओतली.

तपकिरी औषध बघता बघता काळंनिळं झालं. बोट निळं, तळवा निळा, विळीखालचे आलूही निळे.

नलूची आई, कांताबाई, किंचाळली, "पोरीले जहर लावलं यानं!"

वडील मारोती धावत आले. "काय लावलं हो?"

देवरावला घाम फुटला. शेकडो जखमांना त्यानं आयोडीन लावलं होतं. असं कधी झालं नव्हतं. त्यानं बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचली. "मले वाटते... रक्तच खराब असन."

"रक्त नाही, आलू!" नलूला हसू आवरेना. "आलूत स्टार्च असते. त्याच्यात आयोडीन शिरलं का निळं दिसते."

पोह्यांसाठी ठेवलेलं लिंबू तिनं बोटावर पिळलं. चांगलंच झोंबलं, पण निळा रंग उतरला.

देवरावनं वाकून बोट पाहिलं. "हे कसं झालं?"

"आयोडीन हॅलोजन हाये. क्लोरीन, ब्रोमीनसारखंच. बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन, आठव्यासाठी जीव टाकते. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं तो देला, मंग रंग गेला."

"अन् कोणीच नाही देला तर?"

"तर दोन अणू जोडी करतात. एकेक इलेक्ट्रॉन दोघांत सामायिक."

"पाहा," कांताबाईनं कपाळाला हात लावला, "पोरगी पाहुण्यासंग जोडीचं बोलून राह्यली!"

मारोती खाकरले. "पाहुणे, तुमाले पोरीले काही विचारायचं असन तर विचारा."

स्वयंपाक येतो का, हे विचारायचं देवराव आधीच ठरवून आला होता. तो म्हणाला, "फ्लोरीन बी असंच करते का?"

"साऱ्यात हावरं तेच!"

तासभर दोघं बोलत बसले. शेवटी मारोतींनी पसंती विचारली.

"मले काय विचारता? त्यायले विचारा," देवराव म्हणाला.

"कॉलेजात जाऊ द्यान तर हो," नलू म्हणाली.

दोन वर्षांनी लग्न झालं. लग्नानंतरही नलू अमरावतीला कॉलेजात शिकत होती, आणि देवराव दर रविवारी एसटीनं तिला भेटायला जायचा.