पायाखालची फळी

मित्रांनो, मी एक जुना उभा स्पीकर आहे. उंचीने तुमच्या कमरेपर्यंत, रंगाने तपकिरी आणि स्वभावाने चुळबुळ्या. माझा जुळा भाऊ खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात उभा असतो. आम्हाला घडवणाऱ्या कारागिराने पोटावर टिचकी मारून ‘ठणठणीत आहेत’ म्हटले होते. तेवढ्या शाबासकीवर मी आजवर तग धरला.

आम्ही आलो गाणे शिकवणाऱ्या बाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर, लाकडी फळ्यांच्या जमिनीवर. बाई शिष्यांची गाणी ध्वनिमुद्रित करत आणि आमच्यासमोर बसून शब्द न् शब्द तपासत. एकदा त्यांच्या मुलाने हौसेने आमच्या तळाला अणकुचीदार लोखंडी पाय बसवले आणि ते फळ्यांत रुतवले. पाय रोवून उभे राहिले की आवाज पक्का येतो, अशी त्याची समजूत. झाले उलटेच. मी हुं म्हटले की फळ्याही हुं करत, खालची पोकळी घुमे आणि शब्द त्यात बुडून जात. मला क्षणभर चैन पडेना. ओरडून सांगावे, तर माझ्या तोंडून दुसऱ्याचेच गाणे निघायचे!

बाईंनी आधी एका गुणी शिष्येला ‘शब्द गिळतेस’ म्हणून रागावले. ती रडवेली होऊन गेली, ती पुन्हा फिरकली नाही. मग सगळ्यांचेच शब्द गिळलेले वाटू लागले. सून म्हणाली, स्पीकर एकदा दाखवून आणू.

“नको गं,” बाई म्हणाल्या. “नाचता येईना अंगण वाकडं, असं व्हायचं. माझे कानच गेलेत. या महिन्यानंतर शिकवणी बंद.”

अहो, अंगण खरोखरच वाकडे होते. पण माझे कोण ऐकणार? मी नुसता थरथरत राहिलो.

एके दिवशी जमीन पुसायची म्हणून मुलाने आणि सुनेने आम्हाला वाजत असतानाच उचलून घडी केलेल्या गादीवर ठेवले. गाणे रडवेली होऊन गेलेल्या त्याच मुलीचे होते. मी डुगडुगत होतो, पडेन की काय अशी धाकधूक होती. पण पायाखालची घुमघुम थांबली. बाई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा लाव.” त्यांनी ते गाणे उभ्यानेच संपेपर्यंत ऐकले. एकही शब्द गिळलेला नव्हता.

मुलाने खजील होऊन लोखंडी पाय काढले आणि खाली जाड रबराचे तुकडे दिले. शिकवणी वाचली. बाईंनी त्या मुलीला फोन केला. “चूक तुझी नव्हती गं. ये ना परत.” ती ‘बघते’ म्हणाली.

मित्रांनो, कुणाच्या गळ्याला किंवा स्वतःच्या कानांना बोल लावण्याआधी आमच्या पायाखाली काय आहे ते वाकून बघा. एवढीच विनंती.

आता माझा आवाज स्वच्छ आहे, तरी जिवाला स्वस्थता नाही. पूर्वी जिन्यावर पाऊल पडले की मला पायांतून कळायचे. रबरामुळे आता कळत नाही. म्हणून गाणे संपले की मी दाराकडे कान लावून असतो. ती अजून आलेली नाही.