बिनआवाजाचं भांडण

मागाच्या खात्यात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, आणि तरी तिथे सगळ्यांना सगळं कळतं. एवढे माग एकदम खडखडायला लागले की जमीन हलते, दात हलतात, डोक्यातला विचारसुद्धा जागचा हलतो. तिथे माणसाच्या आवाजाला कोण विचारतो! म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलतात. तोंड मोठं उघडायचं, शब्द ओठांवर नीट मांडायचा आणि घशातून काही म्हणजे काही काढायचं नाही. चार माग पलीकडची बाई तो शब्द डोळ्यांनी उचलते आणि तसाच परत पाठवते. सासवांच्या कागाळ्या, नवऱ्यांची उणीदुणी, रुसवे, समजुती, सगळं असं बिनआवाजाचं.

या खात्यात एकीला सगळे तोफ म्हणत. उभ्या आयुष्याच्या खडखडाटात तिचा एक कान गेला होता, त्यामुळे खात्याबाहेर ती कानात काही सांगायला लागली तरी ते तीन गल्ल्यांना कळायचं. तिच्या शेजारच्या मागांवर होती बारकी. अंगानं काडी, आणि बोलणं त्याहून बारीक. सासरी तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. पण माग सुरू झाले की बारकी गायची. ओठांनीच. स्वतः जुळवलेलं, तिथल्या तिथे, धागा तुटेल तसं. तिची गाणी ऐकणारी, म्हणजे बघणारी, जगात एकटी तोफ.

*तुटला ग धागा, त्याला बोटांनी सांधीते,*
*जॉबरच्या नाकावर टिच्चून गाठ मी बांधीते.*

जॉबर म्हणजे मागांवर देखरेख करणारा बाप्या. बारकीनं पोटावर हात ठेवून त्याच्याकडे एक स्टूल मागितलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "माग बसून चालत नाहीत, बाई." हे ओठांनी नाही, चांगलं खात्याबाहेर, सगळ्यांसमोर.

त्या दिवशी बारकीच्या ओठांवर गाणं नव्हतं. तोफेनं सहज मान वळवली, तर बारकी मागाला धरून उभी.

"पाणी गेलं," ओठ म्हणाले.

सहावा महिना नुकता सरला होता. तोफेनं आपले चारही माग बंद केले, बारकीला दोन्ही हातांवर उचललं आणि निघाली. खात्याच्या दाराबाहेरपर्यंत मागून जॉबर ओरडत आला, "माग कुणाला विचारून थांबवले?" तोफेला ते एका कानानं ऐकू आलं. दुसऱ्यानं सोडून द्यायची सोय तिच्याकडे आता कायमची होती.

बाळ झालं. खात्यात सुताचे जे कोन येतात, त्यातला एक कोन त्याच्यापेक्षा जड. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी, पायाला तार. डॉक्टरांनी तोफेला सांगितलं, असं का झालं ते सांगता येत नाही, कधीकधी होतं. तोफेला ते अजिबात रुचलं नाही. कारण सांगितलं असतं तर रागाला जायला एखादं घर तरी मिळालं असतं. आता तो तिच्या अंगात भाडं न देता राहायला लागला.

चौथ्या दिवशी दुपारी ती दुसऱ्या पाळीच्या आधी इस्पितळात गेली, तर बाकावर बारकीची सासू. मांडीवर गच्च बांधलेली पिशवी.

"सुट्टी मिळाली," सासू म्हणाली. "गाडी सांगितलीय. घेऊन जातो घरी."

"बाळाला?"

"बाळाला कशी मिळेल? तिला."

"आणि बाळाजवळ कोण?"

"सिस्टर आहेत ना. डॉक्टर आहेत. आपण बसून काय दिवे लावणार?"

"मावशी," तोफ म्हणाली, आणि त्यासरशी पलीकडच्या बाकावरचा एक म्हातारा दचकून जागा झाला. "तुमचं घर इथून केवढं लांब! रोज यायचं म्हटलं तर दिवस मोडतो. तिचं दूध पिळून त्याला नळीनं देतात. थेंबभर का होईना, ते इथंच राहून निघेल. माझी खोली मागच्या गल्लीत आहे. मी सांगितलंय तुमच्या मुलाला. राहू दे तिला माझ्याकडे."

बारकीचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. गवंडी होता, अंगठ्याच्या नखात सिमेंट बसलेलं. तो त्या नखाकडे इतका मन लावून पाहत होता, की जणू तिथेच काही बांधकाम निघालं होतं.

"बोला की!" तोफ त्याच्यावर वळली. "भिंती बांधता, भिंतीसारखं उभं राहायलाच पाहिजे असं नाही."

"आई म्हणते ते..." तो म्हणाला, आणि वाक्य तिथेच टाकून दिलं.

दार उघडून सिस्टर बाहेर आल्या. "अहो बाई, हळू! आत बाळांना त्रास होतो. आवाज चढला की त्यांचा श्वास बिघडतो. दुसऱ्यांदा सांगतेय."

तोफेनं तोंडावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला गप्प केलं होतं, आणि तेही बरोबर होतं, याचा आणखी राग आला.

सिस्टर जाताजाता सासूला म्हणाल्या, "तिला जरा समजवा. नुसती बसून असते. हात आत घालत नाही. आईचा हात लागला की बाळं शांत होतात. आम्ही किती सांगितलं."

सिस्टर गेल्या. सासू पिशवीची गाठ चाचपत म्हणाली, "मीच सांगितलंय तिला. जीव लावू नकोस म्हणून."

तोफेच्या तोंडाशी काय काय आलं! तिनं ते दाबून, खरखरत्या कुजबुजीत विचारलं, "का पण, मावशी? काय वाईट केलंय त्यानं तुमचं?"

"दोन पोचवलीत मी." सासूनं वर पाहिलं नाही. "अशीच, आधी आलेली. दोघांना मांडीवर घेतलं होतं. दोघांशी बोलले होते. तू काय सांगतेस मला? हात लागला की तो हात नंतर कुठं ठेवायचा, ते नाही सांगत तुझी सिस्टर."

आता काय करायचं? भांडायला गेलं आणि समोरच्यानं पदर बाजूला करून जखम दाखवली, तर दगड कुठं टाकायचा? तोफ तो हातात धरून उभी राहिली. या बाईवरही रागावता येत नाही म्हटल्यावर राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला.

ती काचेशी गेली. व्हरांड्याच्या भिंतीला लांब काच होती. नातेवाइकांनी तिथूनच पाहायचं. आत फक्त आई. काचेपासून चार पावलांवर पेटी, आणि पेटीशेजारी खुर्चीवर बारकी. दोन्ही हात मांडीत, जसे कुणाचे तरी सांभाळायला दिलेत. तोफेनं काचेवर बोटाचं पेर अलगद टेकवलं. बारकीनं मान वर केली.

आणि तोफ बोलली. खात्यातल्यासारखं. तोंड मोठं, आवाज नाही.

"अगं ए! हात काय मांडीत घालून बसलीस? आत घाल."

बारकीच्या डोळ्यांत काहीतरी हललं. चार दिवसांत तिच्याशी सगळे हळू आवाजात, पाय न वाजवता बोलत होते. हे बोलणं तिच्या ओळखीचं होतं. तिनं तळवे काचेकडे उलटे केले. सुतानं चिरलेली बोटं, गाठी मारून मारून खरवडलेली पेरं.

"हे बघ," तिचे ओठ म्हणाले. "लाकूड आहे नुसतं. आणि त्याची कातडी बघितलीस? ओल्या कागदासारखी. फाटेल."

"गाढवे! कुरवाळायला कोण सांगतंय? सिस्टर काय म्हणाल्या? नुसता ठेवायचा. ताणा सैल आहे का बघायला आपण धाग्यांवर हात ठेवतो, तसा. धागे तुटतात का तेव्हा?"

"ते सूत आहे. हे माझं पोटचं आहे."

"म्हणून तर सांगतेय! आणि घरी जायला का तयार झालीस? मी खोली झाडून ठेवलीय. ही म्हणते जा आणि तू निघालीस? तोंड आहे ना तुला? जॉबरपुढंही अशीच..."

"गप्प बस."

तोफ थांबली. बारकी खुर्चीतून उठली होती. काडीसारखी ती बाई काचेजवळ आली, आणि तिचे ओठ असे उघडले, असे मिटले, की एकेक शब्द काचेवर येऊन आदळावा. पण आत बाळं निजली होती, आणि त्यांच्या झोपेला ओरखडासुद्धा उठला नाही.

"तू गप्प बस आता. सासू म्हणते जीव लावू नकोस. तू म्हणतेस जीव लाव. नवरा म्हणतो आई म्हणते ते. खात्यातल्या मुली येऊन गेल्या, म्हणाल्या पुढच्या खेपेला सगळं नीट होईल. पुढच्या! अरे, ही खेप अजून चालू आहे! ही इथं श्वास घेतेय! माझं बाळंतपण झालंय, आणि सगळे दुखवट्याला आल्यासारखे येतात, पिशव्या घेऊन बसतात. तू पण. जॉबरशी भांडलीस, डॉक्टरांशी भांडलीस, माझ्या सासूशी भांडतेस. किती भांडतेस माझ्यासाठी! चार दिवस झाले. एकानं तरी विचारलं का गं, मुलगा झाला की मुलगी?"

तोफेनं काचेवरचं बोट मागे घेतलं.

खरं होतं. तिनं औषधाचं विचारलं होतं, वजनाचं विचारलं होतं, नळीचं, तारेचं, गाडीचं विचारलं होतं. रस्त्यावरच्या कुत्रीला पिल्लं झाली तरी माणूस वाकून बघतो, नर किती, माद्या किती. आणि हिच्या पोटच्याला सगळ्यांनी नुसतं 'बाळ' म्हणून लांब उभं केलं होतं. सासूनं भीतीनं. नवऱ्यानं सवयीनं. आणि तोफेनं? आवाजाच्या भरात.

तिनं काचेला कपाळ टेकवलं. मग सरळ उभी राहिली आणि, बाळंतिणीला विचारावं तसं, दारातून आत येताना विचारावं तसं, विचारलं:

"काय झालं गं तुला?"

बारकीचा चेहरा एकदम चुरगळला आणि सावरला.

"मुलगी."

"अगं बाई! मुलगी! आणि कुणावर गेलीय?"

बारकीनं मागे पेटीकडे पाहिलं. जरा विचार केला.

"तुझ्यावर. सारखी मुठी आवळून असते. मघाशी सिस्टरनं सुई बदलली तर तिच्याकडे असं बघितलं, की मी सिस्टरच्या जागी असते तर माफी मागितली असती."

तोफेला हसू फुटलं. हसूही तिचं तोफेचंच. पण ते तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबून आत जिरवलं, आणि खांदे हलताना पाहून बाकावरची सासू घाबरून उठली.

"काय झालं? काय म्हणते? गेलं का?"

"नाही हो, मावशी! मुलगी आहे म्हणते."

"ते ठाऊक आहे मला," सासू म्हणाली. आणि पुन्हा खाली बसत, "ओठांवर आणलं नव्हतं."

आत बारकीनं सिस्टरना खूण केली. हात धुतले. पुन्हा धुतले. पेटीच्या बाजूचं गोल झाकण सिस्टरनी उघडलं, आणि बारकीचा तो लाकडी हात आत गेला, मनगटापर्यंत, मग थांबला. हवेतच. तोफेचा श्वास काचेवर साचला. तिनं तो बाहीनं पुसला. हात खाली आला. तळवा त्या इवल्या डोक्याशी, बोटं मुठीपाशी. कुरवाळणं नाही, काही नाही. ठेवला नुसता. ताण्यावर ठेवतात तसा.

मूठ उघडली, आणि एका चिरलेल्या बोटावर मिटली.

मग बारकी मान न वळवता बोलली. ओठ काचेकडे होते, डोळे मुलीकडे.

"सांग त्यांना. गाडी परत पाठवा म्हणावं. मी तुझ्याकडे राहणार. ही किती दिवस आहे ते कुणी सांगू नका मला. आहे तोवर तिची आई तिच्याजवळ असेल. आणि सासूबाईंना म्हणावं, हात नंतर कुठं ठेवायचा ते मी बघेन. आत्ता तो इथं आहे."

तोफ वळली. आजवर तिनं लोकांसाठी बोलताना नेहमी पदरचा राग घातला होता, मूळच्या रागाच्या दुप्पट. आज तिनं काही घातलं नाही. बारकीचे शब्द होते तसे, त्याच क्रमानं, हळूच, सासूच्या हातात ठेवले.

सासूनं पिशवी पोटाशी ओढली. मग म्हणाली, "मी सांगून ठेवते. उद्या काही झालं, तर रडायला माझ्याकडे यायचं नाही."

"येईल ती," तोफ म्हणाली. "आणि तुम्ही जवळ घ्याल. उगाच बोलू नका."

"तू फार बोलतेस."

"हो."

नवरा भिंतीपासून सुटला. "मी गाडीवाल्याला सांगून येतो," म्हणाला, आणि कुणी काही म्हणायच्या आत जिना उतरला. त्याच्या जन्मातलं पुरं झालेलं ते पहिलं वाक्य असावं. सासू पिशवीची गाठ सोडू लागली. बारकीची शाल काढली, झटकली, घडी मोडून पुन्हा घातली, आणि तोफेच्या छातीवर आपटल्यासारखी दिली. "गार असतं आत."

शाल घेऊन तोफ काचेशी आली, तर बारकीचे ओठ अजून हलत होते. सासूही येऊन शेजारी उभी राहिली; पेटीपासून जरा तिरकी, नजर चुकवत.

"काय पुटपुटतेय? देवाचं नाव घेतेय का?"

"नाही मावशी. भांडतेय."

"आता आणखी कुणाशी?"

तोफेनं डोळे बारीक केले. दुसऱ्या पाळीला उशीर झाला होता, जॉबर तोंड सोडणार होता, सोडू दे. काचेपलीकडे ते दोन ओठ, न चुकता, न थांबता, चालू मागासारखे:

*इवला ग धागा, त्याला बोटांनी सांधीते,*
*मरणाच्या नाकावर टिच्चून गाठ मी बांधीते.*