दोनदा वाजून थांबलेला फोन

मित्रांनो, फोन म्हटला की तुम्ही लगेच खिसा चाचपता. माझी जागा खिशात नाही, भिंतीवर आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या एका खेड्यात, वर्ना थॉरसन नावाच्या बाईंच्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या शेजारी मी टांगलेला आहे. अंगाचा रंग हळदीसारखा, मधोमध आकड्यांची गोल चकती आणि खाली वेटोळ्यांची लांबलचक वायर. आता मी म्हातारा झालो आहे आणि खरे सांगायचे तर पुरता गोंधळलो आहे. माझी हकिगत ऐकून तुम्हाला काही उमगले, तर मलाही सांगा.

माझा जन्म शेजारच्या राज्यातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या पोटात तारा जोडल्या, दोन पितळी वाट्या बसवल्या आणि त्यांच्यामध्ये एक चिमुकला टोला ठेवला. तो टोला वाट्यांवर आपटला की माझा आवाज निघतो. तपासणाऱ्या बाईंनी मला एकदा वाजवून पाहिले आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा तर मेलेल्याला उठवील गं!" मी नवखा होतो. मला ती शाबासकी वाटली.

मग एक दिवस कंपनीच्या माणसाने मला या भिंतीवर ठोकले. वर्नाबाईंचे यजमान कार्ल तेव्हा होते. माझी वायर पाहून ते म्हणाले, "एवढं शेपूट कशाला?"

"चुलीपर्यंत पोचायला नको? बोलता बोलता दूध उतू गेलं तर तू पुसणार आहेस?" बाईंनी विचारले. वायर लांबच राहिली.

काय दिवस होते ते! कोणाच्या घरी बाळ झाले, कोणाची गाय अडली, चर्चच्या जेवणाला कोण काय आणणार, सगळे आधी माझ्या कानात यायचे. बाई मला दर शनिवारी व्हिनेगरच्या फडक्याने पुसायच्या. कार्ल गोठ्यात कोसळले तेव्हाही मदत मागायला त्या माझ्याकडेच धावल्या. माझी चकती फिरून जागेवर परत यायला वेळ लागतो. तेवढाही वेळ त्या दिवशी त्यांना सोसवत नव्हता. मदत आली, पण कार्ल गेले ते गेलेच.

मागे उरला तो बाईंचा धाकटा भाऊ मिलो. लग्न केले नाही, डोंगरापलीकडे एकटाच गाई सांभाळून राहायचा. दर शनिवारी तो बहिणीकडे जेवायला यायचा, दोघे पत्ते खेळायचे, भांडायचे आणि दिवस कलायच्या आत तो निघायचा. रस्ता वळणावळणाचा, खाली ओढा, आणि त्या दरीत खिशातले फोन मुके होतात. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. घरी पोचला की मिलोने फोन लावायचा, दोन घंट्या वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. पूर्वी डोंगरापलीकडच्या फोनला जास्त पैसे पडायचे, पण उचललाच नाही तर छदामही लागत नसे. पुढे तो खर्च राहिला नाही, रीत मात्र राहिली. बाई कधीही तिसऱ्या घंटीआधी मला उचलत नसत. दोनवर थांबलो म्हणजे मिलो पोचला. आणि कॉफीचे भांडे संपेपर्यंत मी वाजलोच नाही, तर बाई मिलोच्या शेजाऱ्याला, एव्हरेटला, फोन करायच्या आणि एव्हरेट ट्रॅक्टर घेऊन निघायचा.

एका हिवाळ्यात तसे झालेही होते. मिलोची गाडी बर्फात रुतली होती आणि एव्हरेटने ती ओढून काढली. त्या दिवशी बाईंनी माझ्या डोक्यावर थोपटले आणि म्हणाल्या, "तू गप्प राहिलास म्हणून कळलं बघ." गप्प राहण्याबद्दल शाबासकी मिळालेला फोन माझ्याखेरीज दुसरा नसेल.

मित्रांनो, इथपर्यंत मला सगळे समजत होते. पुढचे मात्र डोक्यावरून जाते.

आमच्या राज्यात म्हणे तांबड्या पक्षाचे आणि निळ्या पक्षाचे लोक अगदी बरोबरीत आहेत. कधी या पक्षाकडे पारडे झुकते, कधी त्या. त्यामुळे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की सारा देश आमच्या दारात येऊन बसतो. मतदान असते नोव्हेंबरात, पण मी वाजायला लागलो ते आदल्या वर्षीच्या मक्याच्या कापणीपासून. बाई पीठ मळत असोत की अंघोळीला गेलेल्या असोत, मी आपला ठणाणा करत असे.

पहिल्या दिवशी आवाज आला, "हॅलो वर्ना! मीही तुझ्यासारखाच एका शेतकऱ्याच्या घरातला."

"कोणत्या शेतकऱ्याच्या रे?" बाईंनी भाबडेपणाने विचारले.

तो आपला बोलतच राहिला. बाई मध्ये मध्ये "हो का", "बरं बरं" म्हणत होत्या. ती आधीच भरून ठेवलेली ध्वनिफीत आहे, हे त्यांना शेवटी कळले. तरी ठेवताना "थँक्यू" म्हणाल्याच. आमच्याकडे माणसाचे बोलणे अर्धवट तोडत नाहीत, मग तो माणूस नसला तरी.

मग झुंबड उडाली. सकाळी तांबडे सांगत, निळे आले तर देश बुडेल. दुपारी निळे सांगत, तांबडे आले तर देश बुडेल. मधल्या वेळात कोणीतरी विचारत असे, "देश बुडेल असं तुम्हाला फार वाटतं, थोडं वाटतं, की मुळीच वाटत नाही?" एका फोनच्या शेवटी बाईंना आशेचा किरण दिसला. "आमचे फोन नको असतील तर नऊ दाबा," असे तो आवाज म्हणाला. आता दाबणार काय? मला चकती. बाईंनी बोट घालून नऊचा आकडा फिरवला. चकती कुरकुरत परत आली, तोवर पलीकडून उत्तर आले, "तुमची निवड समजली नाही. धन्यवाद!" बाईंनी तीन-चार वेळा तसे करून पाहिले. त्यानंतर फोन जास्तच येऊ लागले.

हळूहळू बाईंचे कान किटले. त्या मला उचलेनाशा झाल्या. "वाज मेल्या, वाज!" असे त्या मला म्हणू लागल्या. पुसणे बंद झाले. माझे काय चुकले, हे मला कळेना. पाव्हणा नकोसा झाला म्हणून कोणी दाराला शिव्या देतो का? ज्या आवाजासाठी कारखान्यात शाबासकी मिळाली, तोच आवाज आता बाईंच्या कपाळावर आठी आणत होता.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी मिलो नेहमीसारखा जेवायला आला. पत्ते मांडले आणि मी वाजलो.

"उचल की ताई," मिलो म्हणाला. "देश बुडतोय, आणि तू पत्ते पिसतेस?"

"तूच उचल. तुला पोहायला येतं."

"मी सांगून ठेवतो, यंदा मी मत द्यायला जाणार नाही. दोघंही म्हणतात दुसरा आला की देश बुडणार. म्हणजे बुडणार हे ठरलेलंच आहे. मग मी थंडीत कशाला कुडकुडू?"

"जीभ आवर. आपले बाबा मोडक्या पायानं मत द्यायला गेले होते."

"त्यांना कोणी जेवणावरून उठवून मत मागितलं नव्हतं, म्हणून गेले असतील हौसेनं."

बाहेर पाऊस पडू लागला. तो रस्त्यावर पडताच गोठत होता. बाईंनी डाव अर्धा सोडून त्याला उठवले. "नीघ बघू तू. वळणावर हळू जा."

"जातो गं. हरत होतीस म्हणून हाकलतेस."

तो गेला. बाईंनी खिडकीशी उभे राहून त्याच्या गाडीचा दिवा दिसेनासा होईपर्यंत पाहिले, मग सूप ढवळायला घेतले. मध्ये दोन फोन आले आणि मी बराच वेळ वाजत राहिलो, तेव्हा त्यांनी पाहिलेही नाही. पुन्हा थोड्या वेळाने वाजलो. एक घंटी. दुसरी घंटी. आणि थांबलो.

"पोचला बाई एकदाचा!" त्या म्हणाल्या आणि त्यांचे खांदे सैल झाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी माझा कानाला लावायचा भाग काढला, टॉवेलात गुंडाळला आणि खणात ठेवून दिला. "आता बोंबला हवं तेवढं. मला कोणाशी काही बोलायचं नाही." मी थोडा वेळ कोकललो आणि मग माझी वाचा बंद झाली.

बराच अंधार पडल्यावर दार वाजले. बाईंनी पडदा किंचित सरकवून पाहिले. रेनकोट घातलेली एक अनोळखी बाई उभी होती. छातीवर प्रचाराचा बिल्ला, बगलेत पत्रकांचा गठ्ठा.

"अगं बाई! आता दारातसुद्धा!" बाई पुटपुटल्या. त्यांनी दिवा मालवला आणि अंधारात सूपचा वाडगा घेऊन बसल्या. स्वतःच्याच घरात असे लपून बसलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"बाई, दार उघडा हो! आत आहात ना?"

"नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"मी मत मागायला आले नाही!"

"सगळे असंच म्हणतात."

दार धडाधड वाजू लागले. "अहो, मिलो! मिलो नावाचे आजोबा, तुमचे भाऊ! ओढ्यात गाडी गेलीय त्यांची!"

वाडगा खाली पडला. बाईंनी दार उघडले आणि उघड्या दारात उभे राहून त्या म्हणाल्या, "नाही हो. तो पोचला. फोन वाजला ना त्याचा. दोनदा."

त्या बाईचे नाव रोंडा. शेजारच्या राज्यातून आमच्याकडे प्रचाराला आली होती. रस्ता चुकून दरीत शिरली, तेव्हा तिला ओढ्यात कलंडलेली गाडी दिसली. मिलोचा पाय आत अडकला होता. दरीत फोन लागत नव्हता, म्हणून तिने उलटे जाऊन पेट्रोल पंपावरून ॲम्ब्युलन्स बोलावली. "तुमचा नंबर आणि पत्ता त्यांनीच दिला. सारखा लावतेय, पण लागतच नाही. तेव्हा म्हटलं, जाऊनच सांगावं."

बाईंनी खणाकडे पाहिले. मग पुन्हा विचारले, "पण दोनदा वाजला तो कोणाचा?"

रोंडा खालच्या आवाजात म्हणाली, "यंत्रं एकाच वेळी खूप घरांना फोन लावतात हो. कोणी एकानं उचलला की बाकीचे आपोआप तुटतात. कुठे एक घंटी वाजते, कुठे दोन. तुमचा तसाच तुटला असेल." मग म्हणाली, "आमच्याकडेही तसलंच यंत्र आहे." तिने बिल्ला काढून खिशात टाकला. तो तांबडा होता की निळा, हे मला दिसले नाही. बाईंनीही विचारले नाही. त्या रोंडाच्याच गाडीत बसून दवाखान्यात गेल्या.

मिलो वाचला. कमरेचे हाड मोडले आणि तासन् तास थंडीत पडून छातीत कफ भरला. आता तो तालुक्याच्या गावी, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतात तिथे आहे. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी तो अजून दवाखान्यातच होता, तेव्हा बाईंनी त्याला फोन लावला. ते बोलणे माझ्याच तारेतून गेले.

"मत दिलंस का?" त्याने विचारले. आवाज खोल गेला होता.

"दिलं. ज्यानं मला एकदाही फोन केला नाही, त्या एकट्याला दिलं."

"असा कोण गं निघाला?"

"मतपत्रिकेच्या तळाशी होता तो, मयतांची चौकशी करणारा आपल्या जिल्ह्याचा अधिकारी."

मिलो हसला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "मी घाबरलो नव्हतो ताई. मला ठाऊक होतं, फोन वाजला नाही की तुला कळणार. आता एव्हरेट येईल, आता येईल, असं म्हणत बसलो होतो."

बाईंनी माझी वायर बोटाभोवती गुंडाळली. मग त्या एवढेच म्हणाल्या, "वाजला रे. मी म्हटलं, पोचलास."

मित्रांनो, मला वाटले होते निवडणूक संपली की मी गप्प होईन. पण आमच्याकडे न्यायाधीशही मते देऊनच निवडतात, आणि त्यांची निवडणूक एप्रिलात असते. आठवडाही झाला नाही तोच मी पुन्हा वाजू लागलो. फरक इतकाच, की आता वर्नाबाई प्रत्येक फोन उचलतात. मिलोची छाती कमजोर झाली आहे आणि शुश्रूषागृहातून कधी बोलावणे येईल, सांगता येत नाही. म्हणून पहिल्याच घंटीला त्या दुखरा गुडघा ओढत येतात आणि विचारतात, "हॅलो, मिलो बरा आहे ना?" पलीकडून आवाज येतो, "हॅलो वर्ना! मीही तुझ्यासारखाच..." त्या शेवटपर्यंत ऐकून घेतात, न जाणो, मध्येच कोणी मिलोचे नाव घेईल. आणि इथला फोन हमखास उचलला जातो, हे यंत्रांना कळले आहे.

कोणाला बोल लावावा, हे मला आजही समजत नाही. यंत्रांनी मिलोचा घात केला आणि यंत्रवाल्यांपैकीच एकीने त्याला वाचवले. मत मागणे वाईट नाही, असे मोठी माणसे म्हणतात, आणि ते खरेही असेल. पण मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुम्हालाही लोकांकडे काही मागायचे असेल. तेव्हा कोणाच्या घरची घंटी वाजवण्याआधी क्षणभर थांबा. त्या घरात कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत असते. तुमची नव्हे.

थांबा हं, मी वाजतो आहे. वर्नाबाई जिना उतरत आहेत, कठडा धरून, शक्य तितक्या घाईने. फोन कोणाचा आहे, ते मला माहीत नाही.