पुसून टाकलेली मुलाखत

मित्रांनो, माझा सारा जन्म ऐकण्यात गेला. बोलायची वेळ आज आली आहे, तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या. मी खांद्याला अडकवायचा एक टेपरेकॉर्डर आहे. वर दणकट पट्टा, अंगावर तपकिरी कातड्याचं कव्हर आणि पोटात एक कॅसेट, एवढाच माझा संसार.

बुडापेस्टच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे लांब टेबलाशी बसलेल्या बायका चिमट्याने माझे बारीक भाग जोडत आणि हात चालू ठेवूनच आपापल्या सुनांची गाऱ्हाणी सांगत. तिथून आगगाडीने आणि पुढे मालमोटारीने मी ग्रीसमधल्या कावाला बंदरात आलो. तिथल्या लहानशा रेडिओ केंद्राने मला एवान्थियाबाईंच्या स्वाधीन केलं. बाईंनी मला खांद्याला लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "जड आहे, पण माझ्या नवऱ्यासारखा मध्येमध्ये बोलत नाही. चालेल."

कावाल्यात तंबाखूचं एक जुनं गोदाम आहे. दर शरद ऋतूत तिथे आठवडाभर फक्त पहिले चित्रपट दाखवले जात. आयुष्यातला पहिला मोठा चित्रपट करून बसलेली तरुण मंडळी युरोपभरातून येत, आणि रविवारच्या कार्यक्रमासाठी बाई त्यांच्याशी बोलत. माडीवरच्या खिडकीपाशी दोन खुर्च्या असत आणि मध्ये स्टुलावर मी. बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "शूटिंगच्या पहिल्या दिवशी काय खाल्लंस?" कलेवर भाषण तयार करून आलेला पाहुणा गडबडून जाई, मग हसे आणि खरं बोलू लागे. लिथुआनियाचा एक जण म्हणाला होता, "काही नाही. जे खाल्लं तेही उलटून पडलं." पोर्तुगालच्या एकीने अख्खं गाव चित्रपटात घेतलं होतं, तिला गावातल्या एकूण एक घरी जेवावं लागलं होतं. पुढे त्यांतली काही माणसं फार मोठी झाली. पण त्यांचा पहिला, थरथरता आवाज माझ्या पोटात होता, याचा मला अभिमान वाटे.

दिवस पालटले. केंद्रातल्या इतरांकडे मुठीत मावणारी यंत्रं आली. "बाई, हे बिऱ्हाड अजून किती दिवस वागवणार?" असं लोक विचारत. बाई लक्ष देत नसत. माझ्यावर एवढा जीव होता, तरी माझ्या दुखण्याकडे मात्र त्यांनी दुर्लक्ष केलं. माझं थांबायचं बटण सैल झालं होतं. दाबलं की ते खाली जाई, पण टेप कधीकधी फिरतच राही. केंद्रातला तंत्रज्ञ पान्देलिस म्हणाला, "आठवडाभर माझ्याकडे सोडा त्याला." बाई म्हणाल्या, "चित्रपटांचा आठवडा संपू दे." आणि नेमक्या त्याच आठवड्यात लुआन आला.

लुआन अल्बेनियाचा. आठ वर्षांचा असताना आईबरोबर कावाल्यात आला आणि इथेच वाढला. त्याची आई शेगाबाई घरोघरचे जिने पुसायची. एवान्थियाबाईंच्या इमारतीचा जिनाही तिच्याकडेच होता. लुआनने पहिला चित्रपट केला तोही जिने पुसणाऱ्या एका अल्बेनियन बाईवर. काम तिराना शहरातल्या एका नटीने केलं होतं, पण निळा झगा आणि डोक्याचा रुमाल थेट शेगाबाईंचा होता.

शुक्रवारी सकाळी आम्ही जिना उतरत होतो, तेव्हा शेगाबाई बादलीशी उभ्या होत्या.

"आज तुमच्या लेकाशी बोलायचंय मला," एवान्थियाबाई म्हणाल्या. "तुम्ही पाहिलात का चित्रपट?"

"मी नाही जायची. आयुष्यभर मान खाली घालून काम केलं, कुणाच्या नजरेत भरले नाही. आणि यानं मला गुडघ्यांवर बसवून पडद्यावर नेऊन टांगलं. सपाट पाय टाका, ओलं आहे."

दुपारी लुआन खिडकीपाशी बसला. त्या दिवशी बाईंचा पहिला प्रश्नही चालला नाही. "श्रमाचं सौंदर्य दाखवायचं होतं मला," तो म्हणाला.

"हे तू माहितीपत्रकातही लिहिलं आहेस. वाचलंय मी," बाई म्हणाल्या.

तो साखरेची पुडी बोटांनी फाडत राहिला. शेवटी म्हणाला, "हे यंत्र बंद करा, मग सांगतो."

बाईंनी माझं बटण दाबलं, कव्हर लावलं आणि मला पायाशी ठेवलं. लुआन अकरा मिनिटं बोलला. काय बोलला ते मी इथे सांगणार नाही, कारण ते त्याचं होतं. पण माझी टेप फिरत होती. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

शनिवारी सकाळी केंद्रात बाईंनी टेप लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. पान्देलिस मागे उभा राहून ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "बाई, बावीस वर्षांत असं काही ऐकलं नाही. उद्या हेच लावा."

"त्याने मला सांगितलं होतं, गावाला नाही," बाई म्हणाल्या. "बोलाव त्याला."

लुआन आला. बाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. "चूक माझी आहे. याचं बटण बिघडलंय हे मला ठाऊक होतं. तू ऐक आणि तूच सांग."

त्याने कानाला हेडफोन लावून सगळं ऐकलं. मग म्हणाला, "रविवारी सकाळी आई गच्चीत कपडे वाळत घालते, तेव्हा तुमचाच कार्यक्रम लावते. हे तिला आधी माझ्या तोंडून कळायला हवं. पुसा हे."

बाईंनी एकदाही विचार बदलायला सांगितलं नाही. अकरा मिनिटांची टेप पुसायला अकरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ तिघंही उभी होती, आणि माझ्यातून एकेक शब्द निघून जात होता. माझ्या पोटात पडलेल्या आवाजांतला तो सगळ्यांत खरा आवाज होता. मला जड गेलं, हे कबूल करतो.

मग लुआन पायीच घरी गेला. तिथे मायलेकांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो, आणि तेच बरं झालं.

त्या संध्याकाळी चित्रपटाचा शेवटचा खेळ होता. शेगाबाई आल्या. गडद हिरवा पोशाख, पायात एरवी फक्त ईस्टरला निघणारे बूट. खेळ संपल्यावर त्या स्वतःच माडी चढून आल्या, खुर्चीवर ताठ बसल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "लावा. मला बोलायचंय."

एवान्थियाबाईंनी लुआनकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

"हा दहा वर्षांचा होता," शेगाबाई म्हणाल्या. "मी एका इमारतीचा जिना पुसत होते. हा शाळेतल्या मित्राबरोबर आला. मित्र तिथेच राहायचा. हा माझ्याशेजारून गेला आणि ओळख दिली नाही. सतरा वर्षं हा मनात धरून बसलाय, की आईला मी ओळख दिली नाही. आज सांगितलं मला. अरे, मला ठाऊक होतं. तुझे बूट मी ओळखणार नाही का? मीच मान खाली घातली, तुला जाता यावं म्हणून."

लुआन खिडकीकडे बघत होता. त्याच्या चित्रपटातला मुलगा मात्र आईपाशी थांबतो, दप्तर खाली ठेवतो आणि बादली उचलतो.

"मग चित्रपट कसा वाटला?" एवान्थियाबाईंनी विचारलं.

"चांगला आहे. पण ती नटी जिना खालून वर पुसत जाते. असं कुणी पुसत नाही. वरचं घाण पाणी पुसलेल्या पायऱ्यांवर येतं."

"आई, खालून वर जाताना तुझा चेहरा दिसतो," लुआन म्हणाला.

"दिसू दे. जिना घाणच राहिला."

ही मुलाखत रविवारी लागली. सोमवारी पान्देलिसने माझं बटण नीट केलं. आता बाई निवृत्त झाल्या आहेत आणि मी त्यांच्या खिडकीत, रेडिओशेजारी सुखाने बसलेला असतो. अधूनमधून त्या एखादी जुनी कॅसेट लावतात आणि माझी धूळ पुसतात.

मित्रांनो, तुमच्या हातातली यंत्रं माझ्यापेक्षा फार हुशार आहेत. ती कधी ऐकत असतात तेही कळत नाही. त्यांची निगा राखा, बिघाड उद्यावर टाकू नका. आणि कुणी मन मोकळं करत असेल, तर त्याचे शब्द ठेवायचे की नाही हे त्यालाच विचारा. तो नको म्हणाला तर खुशाल पुसून टाका. अकरा मिनिटं गेली माझी, पण त्या रिकाम्या जागेची मला कधी लाज वाटली नाही.