घोटाभर पाण्यातलं वैर

फेब्रुवारीतल्या एका सकाळी येर्कोचा पाय वाळूत घसरला आणि त्याचं कोपर थेट झ्वोंकोच्या तोंडावर बसलं. झ्वोंकोचा पुढचा दात हलला.

स्प्लिट शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर घोटाभर पाण्यात रिंगण करून उभं राहायचं, वरची लव सोललेला टेनिसचा चेंडू तळहाताने उडवत ठेवायचा आणि पाण्याला लागू द्यायचा नाही, असा हा पिचिगिनचा खेळ. येर्को तो एकतीस वर्षं, बारा महिने, उघड्या अंगाने खेळत होता. गोदीत त्याच्याबरोबर वेल्डिंग करणारे एकेक करून खाटेला खिळले, काही गेलेही. हा मात्र त्र्याहत्तरीतही चार मजले न थांबता चढायचा. सकाळी समुद्र, दुपारी उकडलेली पालेभाजी आणि मासा, रात्री नऊला अंथरूण. कशातच खाडा नाही.

"बास झालं तुझं," झ्वोंको रक्त थुंकत म्हणाला. "आता कठड्यावर बसून ऊन खा."

"तुझा बाप बसला होता कठड्यावर. दोन वर्षांत आटोपला."

झ्वोंको सहासष्टचा, शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेला. रिंगण त्याच्या शब्दावर चालायचं. बाकीचे तिघे कपडे गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी येर्को सगळ्यांच्या आधी आपल्या जागी जाऊन उभा राहिला. खेळ सुरू झाला. चेंडू चौघांमध्ये फिरत राहिला, याच्याकडे एकदाही आला नाही. तासभर उभं राहून त्याचे पाय बधिर झाले.

"ओठ निळे पडलेत," घरी बायको पेरिना म्हणाली. "हलायला जातोस की गोठायला?"

"तू गप बस."

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी झ्वोंको सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इथे खांब कुणी रोवलाय रे? सारखा आडवा येतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात चेंडू डोक्यावरून चालला होता. येर्कोने उडी मारून तो मुठीत धरला आणि सरळ खोल पाण्याकडे चालू लागला.

"चेंडू दे, थेरड्या!"

"ये, घे."

झ्वोंको छातीभर पाण्यापर्यंत आला, धापा टाकत थांबला. "बुडून मर!"

"तुझ्याआधी नाही मरत."

येर्को पोहत जाऊन किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बाहेर आला. जिंकल्यासारखं वाटेल अशी त्याची कल्पना होती. पण तिकडे झ्वोंकोने पिशवीतून दुसरा चेंडू काढला होता. चौघे थोडे जवळ सरकले आणि त्याची जागा बुजली. मुठीतला चेंडू तसाच घेऊन तो घरी गेला.

आठवडाभर तो घरात धुमसत बसला. मग एका सकाळी त्याने पेरिनाला आणि खालच्या मजल्यावरच्या नेवेन्काला जवळजवळ ओढतच पाण्यात आणलं.

"हात खाली! खाली म्हणतोय ना!"

"ओरडलास तर मी चालले," पेरिना म्हणाली.

चेंडू सारखा पाण्यात पडत होता. पलीकडच्या रिंगणातून झ्वोंको ओरडला, "बालवाडी भरली वाटतं!"

"जळतोय मेला," नेवेन्का पुटपुटली.

येर्कोने तिकडे बघितलंही नाही. कण्हत वाकून त्याने चेंडू उचलला.

"पुन्हा," तो खेकसला. "आणि या वेळी पाय उचला."